विजेची कुंभारभट्टी: कंट्रोलरवर ‘ई-१’ येतो आणि संध्याकाळी तापमान ९४० अंशांपुढे चढत नाही

नंदगड_मातीकाम

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा बायकांचा एक छोटा गट लाल मातीच्या पणत्या, कुंड्या आणि स्वयंपाकाची भांडी घडवतो. पूर्वी आवा लावून भाजत असू. आता आमच्याकडे थ्री फेजवर चालणारी, वरून झाकण उघडणारी ९ किलोवॅटची विजेची भट्टी आहे आणि तापमानाचे टप्पे आधी भरून ठेवता येतील असा कंट्रोलर तिला बसवलेला आहे. दिवाळीच्या पणत्यांची मागणी आलेली असताना नेमकी हीच भट्टी मध्येच थांबू लागली आहे.

आमचा शेवटचा टप्पा १०६० अंश सेल्सिअसचा असतो. पहाटे लावलेली भट्टी दुपारपर्यंत, नेहमीपेक्षा उशिरा का होईना, तिथे पोहोचते. मात्र जिचे वरचे टप्पे संध्याकाळी येतात ती भाजणी ९३० ते ९४० अंशांच्या आसपास रेंगाळते, कंट्रोलरवर ‘ई-१’ लुकलुकू लागतो आणि भट्टी बंद होते. पणत्या कच्च्या राहतात, वाजवल्या तर आवाज बोदा येतो. ज्यांच्याकडून भट्टी घेतली त्यांनी फोनवरच कंट्रोलर बदलायला सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी आपण स्वतः काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबाग_पॅनेल

ताई, कंट्रोलर अजिबात बदलू नका, निदान आज तरी नको. मी बेळगावात फौंड्री आणि हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांची पॅनेले बांधतो. कोड दिसला की कोड दाखवणारी पेटीच बिघडली असे धरून चालण्याची पद्धत आमच्या धंद्यातही आहे, आणि तिच्यापायी लोकांचे पुष्कळ पैसे वाया जातात.

कंट्रोलरला बाहेरच्या जगाची एकच खबर मिळते. थर्मोकपलच्या (भट्टीतले तापमान मोजणाऱ्या तारजोडीच्या) दोन तारांमधून येणारा काही मिलिव्होल्टचा दाब एवढीच ती खबर. भट्टी तापवणारी कॉईल जळली की नाही, फेज गेला की नाही, काँटॅक्टरचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) टोक काळे पडले की नाही, यातले त्याला काहीही दिसत नाही. मी उष्णता मागितली आणि तापमान मात्र पुरेसे वाढले नाही, इतकेच त्याला कळते आणि तेवढेच तो कोडातून सांगतो. बार्टलेट बनावटीच्या कंट्रोलरवर ‘ई-१’चा अर्थ नेमका हाच असतो: तापमान चढवण्याच्या टप्प्यात भट्टी फारच हळू चढते आहे. तुमच्या पुस्तिकेत हाच अर्थ दिला आहे का ते आधी पाहा, कारण प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी असते. थर्मोकपल तुटले तर ऑम्रॉनच्या कंट्रोलरवर ‘एस-ई-आर-आर’ ही अक्षरे येतात, ऑटोनिक्सवर ‘ओपन’ येते, युरोथर्मवर ‘एस-बी-आर’ येते. तुमचा कोड मात्र थर्मोकपल तुटल्याचा नाही. तुटले असते तर ९४० पर्यंतचे आकडे दिसलेच नसते.

म्हणजे भट्टीला मिळायला हवी तेवढी शक्ती मिळत नाही. याची कारणे मोजकी आहेत: व्होल्टेज कमी आहे, एखादा फेज येत नाही, एखादी कॉईल किंवा तिचे टोक जळले आहे, रिले वा काँटॅक्टर नीट चिकटत नाही, किंवा कॉईली जुन्या होऊन त्यांचा रोध वाढला आहे. यापैकी कोणते ते अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. तुमच्या वायरमनकडे क्लॅम्प मीटर असेल. भट्टी पूर्ण जोरात चालू असताना तिन्ही फेजचे न्यूट्रलशी व्होल्टेज आणि तिन्ही फेजचा अँपिअर घ्या, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी. पॅनेलचे दार उघडे ठेवून चालू पुरवठ्यावर काम करायचे आहे आणि दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. त्यामुळे हे मोजमाप वायरमननेच करावे, पायाखाली कोरडी रबरी मॅट असावी आणि जवळ दुसरे माणूस उभे असावे. मोजताना पॅनेलवरचा आउटपुटचा दिवा सलग पेटलेला आहे याकडेही लक्ष द्या. तो मध्येमध्ये विझत असेल तर कंट्रोलर स्वतःच उष्णता कमी मागतो आहे, आणि मग त्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

हलगा_वर्कशॉप

आमच्या भागातही संध्याकाळी व्होल्टेज पडते. माझ्या मते सरळ व्होल्टेज स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा. तो येईपर्यंत कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तापमान वाढण्याचा वेग अगदी कमी करून ठेवावा किंवा तो कोडच बंद करता येतो का ते पाहावे, म्हणजे भट्टी थांबणार नाही आणि रात्रीतून केव्हातरी १०६० गाठेल.

उद्यमबाग_पॅनेल

तुमचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही सूचनांना माझा विरोध आहे आणि त्याचे कारण सांगणे मला गरजेचे वाटते.

कोड बंद केल्याने शक्ती वाढत नाही. जेवढी उष्णता कॉईली देतात तेवढीच भिंतींतून आणि झाकणातून बाहेर जाऊ लागली की तापमान स्थिर होते. मग भट्टी रात्रभर चालवली तरी काटा हलत नाही, बिल मात्र वाढत राहते आणि कॉईली कमाल तापमानावर विनाकारण झिजतात. त्याहून वाईट म्हणजे एखादे जोड सैल असेल तर ते त्या सगळ्या काळात तापत राहते, आणि तिथे आग लागण्याची शक्यता असते.

स्टॅबिलायझरबाबत म्हणाल, तर कमी व्होल्टेज हे एकमेव कारण आहे असे सिद्ध झाल्यावरच तो घ्यावा. कॉईलीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे लक्षात ठेवले की बराच गोंधळ मिटतो. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर आपल्याला वाटते की तेराएक टक्केच कमी झाले. प्रत्यक्षात शक्ती जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटते. १९० व्होल्टवर ती मूळच्या अडुसष्ट टक्क्यांवर येते. त्यामुळे व्होल्टेजचा परिणाम मोठा असतो हे तुमचे म्हणणे खरे आहे. तरीही पूर्ण शक्तीच्या शहात्तर टक्क्यांवर चांगली बांधलेली भट्टी १०६० अंश गाठू शकते, कारण भट्टीची मापे ठरवताना थोडी जास्तीची ताकद धरलेली असते. ताईंची भट्टी दुपारीसुद्धा उशीर करते, आणि मला तोच धागा महत्त्वाचा वाटतो.

नंदगड_मातीकाम

पुस्तिकेत ‘ई-१’चा अर्थ तुम्ही सांगितला तोच दिला आहे. आमचे वायरमन कन्नड बोलणारे आहेत, म्हणून काय काय मोजायचे ते कागदावर तक्ता करून त्यांच्या हाती दिले. आउटपुटचा दिवा सलग पेटलेला असताना घेतलेले आकडे असे आहेत.

दुपारी तिन्ही फेजांवर सुमारे २२८ व्होल्ट होते. आर फेजवर १२.५ अँपिअर, वायवर १२.४ आणि बी फेजवर ६.२ अँपिअर आले. संध्याकाळी दिवेलागणीनंतर व्होल्टेज २०० च्या आसपास उतरले होते. तेव्हा आर आणि वायवर ११ च्या जवळ आणि बीवर ५.५ अँपिअर आले. भट्टीच्या पाटीवर प्रत्येक फेजला १३ अँपिअर लिहिलेले आहे. रात्री उशिरा व्होल्टेज पुन्हा सावरते, असे वायरमन म्हणाले. शेतातले आयपी सेट (पाण्याचे पंप) आणि घरोघरचे दिवे एकाच वेळी चालू असले की आमच्या टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

उद्यमबाग_पॅनेल

तक्ता फार उपयोगी पडला. असे आकडे समोर आले की निदान जवळजवळ पूर्ण होते.

बी फेजवरचा प्रवाह इतर दोघांच्या बरोबर निम्मा आहे. फेज गेला असता तर तो शून्य झाला असता. कॉईली जुन्या झाल्या असत्या तर तिन्हीवर थोडाथोडा कमी दिसला असता. बरोबर निम्मा येतो तेव्हा त्या फेजवर दोन कॉईली समांतर जोडलेल्या असतात आणि त्यांतली एक चालत नसते. तुमच्या भट्टीत एकूण सहा कॉईली असाव्यात, प्रत्येक फेजला दोन. एकदा खात्री करा.

आता हिशेब पाहा. दुपारी २२८ व्होल्टवर तिन्ही प्रवाहांची बेरीज ३१.१ अँपिअर होते, म्हणजे भट्टीला सुमारे ७.१ किलोवॅट मिळतात. संध्याकाळी २०० व्होल्टवर बेरीज २७.५ होते आणि शक्ती ५.५ किलोवॅटवर येते. ९ किलोवॅटच्या भट्टीला ७.१ मिळाले तर ती रडतखडत १०६० गाठते, आणि ५.५ मिळाले तर ९४० वर अडकते. दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक व्होल्टेजचा आहे. पण व्होल्टेज पूर्वीही पडत असणारच. भट्टीची राखीव ताकद त्या एका कॉईलीबरोबर गेली, म्हणून ते आता जाणवू लागले.

पुढची पायरी पुरवठा पूर्ण बंद करून करायची. मेन स्विच खाली घ्या, शक्य असेल तर त्याला कुलूप घाला आणि फेज नाही याची टेस्टरने नव्हे तर मीटरने खात्री करा. भट्टी गार झाल्यावर मागचे कव्हर काढून बी फेजच्या दोन्ही कॉईलींचे एकेक टोक सोडवा आणि प्रत्येकीचा रोध ओहममध्ये मोजा. तुमच्या आकड्यांवरून चांगल्या कॉईलीचा रोध ३६ ओहमच्या जवळ यायला हवा. टोक न सोडवता मोजाल तर दोन्ही कॉईली एकत्र मोजल्या जातील आणि फसगत होईल.

निपाणीकर

याच धाग्यात विचारतो, कारण विषय जवळचा आहे. माझी लहान सिंगल फेज भट्टी आहे. थर्मोकपल बदलल्यापासून भट्टी तापू लागली की पडद्यावरचा आकडा वाढण्याऐवजी उतरतो आणि थोड्या वेळाने उणे दाखवून चूक येते. नवीन थर्मोकपल सदोष आले असावे का?

उद्यमबाग_पॅनेल

सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. थर्मोकपलला धन आणि ऋण अशी टोके असतात, आणि रंगांच्या बाबतीत आपल्याकडचे वायरमन हमखास फसतात. अमेरिकन पद्धतीच्या के टाइप (थर्मोकपलचा एक प्रकार) केबलमध्ये पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण असते. लाल म्हणजे फेज, म्हणजे धन, अशी सवय हाताला लागलेली असल्यामुळे अमेरिकन केबल हमखास उलटी बसते.

रंगावर विश्वास नसेल तर चुंबक घ्या. के टाइपमधली ऋण तार अ‍ॅल्युमेलची असते आणि ती चुंबकाला ओढली जाते. धन तार क्रोमेलची असते, ती ओढली जात नाही. तार बारीक असल्याने ओढ हलकी लागते, म्हणून तार लोंबती ठेवून चुंबक जवळ न्यावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तारा दोन ठिकाणी जोडलेल्या असतात: भट्टीवरच्या थर्मोकपलच्या डोक्यात आणि कंट्रोलरच्या मागे. दोन्हीकडे उलट जोडल्या तर आकडा वर चढतो, सगळे ठीक वाटते आणि तरीही वाचन चुकते. डोके आणि पॅनेल यांच्या तापमानात जेवढा फरक असेल, त्याच्या जवळजवळ दुप्पट ही चूक असते. उन्हाळ्यात भट्टीलगतचे डोके ७० अंश आणि पॅनेल ३५ अंश असेल, तर ७० अंशांचा घोळ होतो, आणि पडदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

निपाणीकर

चुंबक लावून पाहिला आणि कंट्रोलरकडची जोडणी उलट निघाली. सुधारल्यावर आकडा सरळ चढतो आहे. पण आता नवीनच शंका आली. ग्लेझ (काचेसारखा लेप) दिलेल्या भांड्यांवर रंग खूप वाहिला, जणू ठरवल्यापेक्षा भट्टी जास्त तापली. थर्मोकपल नेताना केबल अपुरी पडली म्हणून मी मध्ये साधी तांब्याची तार जोडली आहे, त्याचा संबंध असेल का?

भट्टीघर_खानापूर

आयुष्यभर मातीकामाचे शिक्षण देण्यात घालवल्यामुळे इथे मी बोलले पाहिजे असे वाटते. खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्था असल्याने या तालुक्यात कुंभारकाम शिकून बाहेर पडलेली माणसे गावोगाव सापडतात. जुन्या आव्यावर वाढलेला कारागीर विजेच्या भट्टीवर आला की पडद्यावरच्या आकड्याला देव मानू लागतो. आव्याजवळ त्याचे डोळे ज्वाळेचा रंग पाहत, धूर पाहत, वरच्या थरातले मडके काढून वाजवून पाहत. विजेच्या भट्टीत ती नजर निवृत्त करण्याचे काही कारण नाही.

म्हणून माझी विनंती आहे की निपाणीकरांनी आणि ताईंनी प्रत्येक भाजणीत कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके) ठेवावेत. ऑर्टन कोन ०४ सुमारे १०६० अंशांना वाकतो आणि कोन ६ सुमारे १२२० अंशांना. नेमका अंश तापवण्याच्या वेगावर अवलंबून असतो, कारण कोन नुसते तापमान मोजत नाही, तापमान आणि वेळ यांनी मिळून मातीवर जे काम केले त्याची साक्ष देतो. भाजणी संपल्यावर पडद्याने १०६० दाखवले आणि कोन मात्र पार लोळला, तर पडदा कमी दाखवतो आहे हे समजावे. कोन ताठ उभा राहिला तर उलटे. मातीच्या दृष्टीने कोन खरा. तीन कोन वर, मधे आणि खाली ठेवल्यास भट्टीच्या कोणत्या थराला उष्णता कमी मिळते तेही कळते. ताईंच्या भट्टीत एक कॉईल बंद असताना तिच्या उंचीवरचा थर कच्चा राहिला असणार.

उद्यमबाग_पॅनेल

सरांनी सांगितलेले मी पूर्णपणे मानतो. आमच्या फौंड्रीतही मीटरची पडताळणी दुसऱ्या कशाशी तरी करावीच लागते.

निपाणीकर, तांब्याच्या तारेचा थेट संबंध आहे. थर्मोकपल दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजते आणि कंट्रोलर त्यात स्वतःच्या मागच्या टर्मिनलचे तापमान मिळवतो. केबलही त्याच धातूंची किंवा त्यांच्याशी जुळणारी असेल तरच हा हिशेब जमतो. तांबे जोडल्यावर, जिथे तांबे सुरू होते तिथेच थर्मोकपल संपले असे होते. ती जागा भट्टीजवळ ७० अंशांवर आणि पॅनेल ३० अंशांवर असेल, तर पडदा ४० अंश कमी दाखवतो आणि भट्टी ४० अंश जास्त तापते. ग्लेझच्या भाजणीत ४० अंश म्हणजे रंग शेल्फवर उतरण्याइतका फरक. तांबे काढा आणि सलग कॉम्पेन्सेटिंग केबल घाला. ती पॉवरच्या तारांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. नेली तर काँटॅक्टर उचलला की आकडा उड्या मारतो.

याच ओघात आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती चूक सर्वांत धोक्याची आहे. कंट्रोलरमध्ये थर्मोकपलचा प्रकार निवडलेला असतो. के टाइप १००० अंशांना सुमारे ४१.३ मिलिव्होल्ट देते, तर प्लॅटिनम-ऱ्होडियमचे एस टाइप त्याच तापमानाला ९.६ मिलिव्होल्टच देते. भट्टीत एस टाइप बसवले आणि कंट्रोलरमध्ये के ठेवले, तर भट्टी खरोखर १००० अंशांवर असताना पडदा २३६ च्या आसपास दाखवेल आणि कंट्रोलर अधिक उष्णता मागतच राहील. अशा वेळी त्याच्याकडे कोणताही कोड नसतो, कारण त्याच्या दृष्टीने सगळे सुरळीत चालले आहे. थर्मोकपल बदलल्यानंतरच्या पहिल्या भाजणीत माणसाने भट्टीजवळ थांबावे आणि डोळाछिद्रातून रंग पाहावा. मंद लाल रंग दिसू लागला आणि पडदा अजून तीनशेच्या खाली असेल तर भट्टी तत्काळ बंद करावी.

नंदगड_मातीकाम

मागचे कव्हर उघडले. सहा कॉईली आहेत, तुम्ही म्हणालात तशाच. बी फेजच्या दोन्हींचा रोध घेतला तर एकीचा ३६.४ ओहम आणि दुसरीचाही ३६.६ आला! म्हणजे कॉईल तुटलेलीच नाही. मात्र दुसरीचे टोक जिथे पोर्सेलीनच्या कनेक्टरमध्ये शिरते तिथला स्क्रू काळा पडून झिजला आहे, तार हाताने हलते, आणि आतून येणाऱ्या वायरीचे वरचे आवरण वितळून कनेक्टरला चिकटले आहे. फोटो चढवता आला नाही, क्षमस्व.

उद्यमबाग_पॅनेल

ताई, फोटोची गरज नाही, हे दृश्य परिचयाचे आहे. कॉईल चांगली, जोड जळलेला. या भागात पॅनेलच्या तक्रारी घेऊन लोक येतात, त्यांत असे जोड वारंवार सापडतात. स्क्रू थोडा सैल झाला की त्या जागी रोध वाढतो, रोधामुळे तिथेच उष्णता निर्माण होते, उष्णतेने पितळ काळे पडते, त्यामुळे रोध आणखी वाढतो आणि हे चक्र जोड तुटेपर्यंत चालू राहते. भट्टी गार होताना आणि तापताना धातू आक्रसतात आणि फुगतात, म्हणून सुरुवातीला घट्ट केलेला स्क्रूही कालांतराने सैल होतो.

दुरुस्ती अशी करावी. कॉईलीची शेपटी जिथे काळी पडली आहे तेवढी कापून स्वच्छ चमकता धातू उघडा करावा. कॉईलीची कँथल धातूची तार एकदा तापली की गार असताना ठिसूळ होते. ती पकडीने वाकवायला गेलात तर काडीसारखी मोडेल. वाकवायचीच असेल तर ब्लो लॅम्पने तेवढा भाग लाल करून गरम असतानाच वाकवावी. शक्यतो वाकवूच नये. नवीन कनेक्टर जाड पितळेचा वा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, आणि त्यात येणारी वायर उष्णता सोसणाऱ्या फायबर ग्लासच्या आवरणाची असावी. घरगुती पीव्हीसी वायर पुन्हा तिथे लावू नये. जुनी वायर वितळलेल्या भागाच्या बरीच मागे कापावी, कारण आतले तांबे काळे झालेले असते आणि काळ्या तांब्यावर नवा लग (तारेच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा) नीट बसत नाही.

एक जोड गेला म्हणजे बाकीच्या अकरा टोकांकडेही पाहिलेच पाहिजे. काळपटपणा दिसला तर तोही आताच बदलून टाका.

कणकुंबी_पाऊस

आमच्याकडे मलप्रभेच्या उगमाजवळ पावसाळा कसा असतो हे सर्वांना माहीत आहे. भट्टी बंद ठेवलेले महिने संपल्यावर पहिल्यांदा चालू केली की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) लगेच पडते. कंट्रोलरवर कोड काहीच नसतो. वायरमनने आरसीसीबी काढून टाकायला सुचवले आहे. काय करावे?

उद्यमबाग_पॅनेल

आरसीसीबी काढू नका. विटांनी ओलावा ओढून घेतला आहे आणि कॉईलीतून विटांमार्गे धातूच्या खोक्याकडे थोडा प्रवाह गळतो आहे. आरसीसीबी आपले काम करते आहे. तीच काढली आणि अर्थिंग कमजोर असेल, तर भट्टीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून तो प्रवाह जाईल.

पुरवठा बंद करून झाकण उघडे ठेवा आणि भट्टी कोरड्या हवेत ठेवा. आत हॅलोजनचा दिवा किंवा लहान रूम हीटर स्वतंत्र जोडणीवरून काही तास ठेवला तरी चालेल, फक्त त्याच्याजवळ माणूस असावा. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने कॉईल आणि खोके यांमधला इन्सुलेशनचा रोध मोजून घ्या. तो समाधानकारक येईपर्यंत थांबा. पहिली भाजणी रिकामी, झाकण किंचित उघडे ठेवून, १०० अंशांच्या आसपास बराच वेळ थांबून करा. एवढे करूनही पडत राहिली तर एखादी कॉईल खोबणीतून सुटून खोक्याला टेकली आहे का ते शोधावे लागेल.

हलगा_वर्कशॉप

सर्व वाचून माझे मत बदलले. पण एक प्रश्न राहतो. काँटॅक्टरऐवजी एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला तर सगळे सुटसुटीत होते असे ऐकतो. ताईंनी या दुरुस्तीतच बदलून घ्यावा का?

उद्यमबाग_पॅनेल

एसएसआर शांत चालतो, वारंवार चालू-बंद होण्याने झिजत नाही, तापमानही त्याने जास्त नेमके धरले जाते. परंतु त्याच्या दोन गोष्टी लक्षात घ्या. तो चालू असताना दर अँपिअरला सव्वा ते दीड वॅट उष्णता स्वतः सोडतो, म्हणून १२-१३ अँपिअरवर प्रत्येकाला मोठा हीट सिंक आणि मोकळी हवा लागते. भट्टीच्या अंगाला लागलेल्या बंद पेटीत ती मिळत नाही. दुसरे म्हणजे, एसएसआर बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलर आउटपुट बंद करतो, कोड दाखवतो, पण उष्णता थांबत नाही. म्हणून एसएसआर जिथे असेल तिथे त्याच्या आधी एक स्वतंत्र काँटॅक्टर आणि तो पाडणारा वेगळा जास्त-तापमान कंट्रोलर, स्वतःच्या वेगळ्या थर्मोकपलसह, असायलाच हवा. ताईंचे काँटॅक्टर नीट चालत आहेत. या सणाच्या घाईत त्यांना हात लावू नये.

नंदगड_मातीकाम

जोड बदलला. इतर टोकांपैकी दोन काळी निघाली, तीही बदलली. कॉईलीची शेपटी कापल्यावर पुरेशी लांब उरली, त्यामुळे वाकवावी लागली नाही. आता दुपारी तिन्ही फेजांवर १२.५ च्या आसपास सारखाच प्रवाह आहे. संध्याकाळी २०१ व्होल्ट असताना ११ अँपिअर आला, आणि भट्टी ९४० ओलांडून १०६० पर्यंत गेली. कोड आला नाही. सरांच्या सांगण्याप्रमाणे तीन कोन ठेवले होते. वरचा आणि मधला नीट वाकला, खालचा थोडा कमी वाकला आहे.

शेवटची एक शंका. या दिवसांत वीज मध्येच जाते. ती परत आल्यावर कंट्रोलर आपोआप पुढे चालू होतो. तसे होऊ द्यावे, की भट्टी पुन्हा पहिल्यापासून लावावी?

भट्टीघर_खानापूर

खालचा कोन थोडा कमी वाकणे स्वाभाविक आहे. शेवटच्या टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे अधिक थांबा दिलात की तो थर भरून निघेल. मात्र वरचा कोन तेव्हा फार लोळत नाही ना, हेही पाहा.

वीज थोडा वेळच गेली असेल आणि तापमान फारसे उतरले नसेल, तर कंट्रोलरला पुढे जाऊ द्यावे, मातीचे काही बिघडत नाही. तापमान बरेच उतरले असेल तर ५७३ अंशांचा विचार करावा. या तापमानाला मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान एकदम बदलते, आणि हा उंबरठा घाईने ओलांडला तर जाड बुडाच्या कुंड्या आणि ताटे तडकतात. पणत्या लहान आणि पातळ असल्याने बहुधा निभावतात. म्हणून भट्टी साडेपाचशेच्या खाली गेली असेल तर कंट्रोलरला पूर्ण वेगाने उडी मारू देऊ नका. साडेसहाशेपर्यंत तासाला १०० अंशांहून कमी वेग ठेवा आणि तिथून पुढे नेहमीचा कार्यक्रम लावा.

मातीत भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळत असाल तर थर्मोकपलबद्दल एक सूचना. तो जळताना भट्टीत प्राणवायू कमी पडतो, आणि अशा हवेत के टाइपची क्रोमेल तार आतून हिरवट होऊन खराब होते. तार तुटत नाही, त्यामुळे कोडही येत नाही, वाचन मात्र हळूहळू सरकते. तो टप्पा संपेपर्यंत वरचे भोक उघडे ठेवून धूर बाहेर जाऊ द्यावा आणि कोन व पडदा यांतला फरक वहीत टिपून ठेवावा. फरक वाढत चालला की थर्मोकपल बदलण्याची वेळ आली.

उद्यमबाग_पॅनेल

सरांच्या त्या वहीतच तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर लिहायला एक रकाना आखा, ताई. आजचे १२.५ हे आकडे पहिल्या ओळीत लिहा. तिन्ही फेजांवरचा प्रवाह त्याच व्होल्टेजला सारखाच खाली येत गेला तर कॉईली म्हाताऱ्या होत आहेत, आणि तो दहा टक्क्यांनी घटला की नवीन संच मागवावा. एकाच फेजवर खाली आला तर आधी मागचे कव्हर उघडून जोड पाहावेत. आणि टोकांचे स्क्रू, पुरवठा बंद करून, प्रत्येक हंगामाच्या आधी एकदा घट्ट करून घ्यावेत.